वेबसाइट टेम्प्लेट : विक्रीसाठीची रचना

मजकूर, चित्रे आणि रंग बदलून कोणालाही वापरता यावा अशा बेताने केलेला संकेतस्थळाचा तयार साचा म्हणजे वेबसाइट टेम्प्लेट. तो एका ग्राहकाच्या सांगण्यावरून नव्हे, तर अनोळखी अशा अनेक ग्राहकांसाठी आधीच तयार करून ऑनलाइन बाजारपेठेत ठेवला जातो. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या १.५ या आवृत्तीत (२००५) थीमची, म्हणजे त्यात बसवता येणाऱ्या अशा साच्यांची, सोय झाली आणि या व्यवसायाला भक्कम पाया मिळाला. एन्व्हाटो या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००८ मध्ये सुरू केलेली थीमफॉरेस्ट ही यातील सर्वाधिक परिचित बाजारपेठ होय. तेथे २०१२ मध्ये आलेल्या ‘अवाडा’ या बहुउद्देशीय थीमने विक्रीचा उच्चांक गाठला आणि एकाच थीममध्ये सर्व काही देण्याची चढाओढ लागली. तिचा भार मात्र पानांच्या वेगावर पडला. म्हणूनच नव्या डिझायनरने दवाखाना, उपाहारगृह, वास्तुविशारदाचे कार्यालय अशा एखाद्या ठरावीक व्यवसायाची गरज नीट समजून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

ग्राहक टेम्प्लेट घेतो तो डेमो, म्हणजे विक्रेत्याने भरून दाखवलेले नमुन्याचे संकेतस्थळ, पाहून. पण टेम्प्लेटचा खरा कस लागतो तो त्याने स्वतःचा मजकूर भरल्यावर. डेमोत दोन शब्दांचे मथळे, एका मापाची सुरेख छायाचित्रे आणि पाच नोंदींचा मेनू असतो. प्रत्यक्षात दंतवैद्याच्या दवाखान्याचे लांबलचक नाव मोबाइलवर तीन ओळी व्यापते, मोबाइलवरच काढलेला फोटो उभा असतो आणि मेनूत अकरा नोंदी येतात. अशा वेळी मांडणी विस्कटली की ग्राहक मदत मागतो, पैसे परत मागतो, नाहीतर कमी तारे देतो, आणि त्या ताऱ्यांवर पुढची विक्री अवलंबून असते. त्यामुळे सर्वांत लांब मथळा, रिकामा रकाना आणि चित्र नसलेली नोंद घालून पाहणे हा रचनेचाच भाग मानला पाहिजे. डेमोतील मजकूर एका क्लिकने आयात होणे, सोप्या भाषेतील माहितीपुस्तिका आणि वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्यांबरोबर होणारी अद्ययावतता यांनाही तितकेच मोल आहे. थीमफॉरेस्टवर खरेदीसोबत सहा महिन्यांची मदत देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा किंमत ठरवताना हा वेळही हिशेबात धरावा लागतो. डेमोतील छायाचित्रे व फॉन्ट यांचे परवाने स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर भरला की काही दोष चटकन उघडे पडतात. मथळ्याला शोभेसाठी दिलेल्या लेटर-स्पेसिंगमुळे (अक्षरांमधील वाढीव अंतरामुळे) शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी असल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. आणि देवनागरी अक्षरे नसलेला फॉन्ट निवडलेला असेल, तर ब्राउझर त्याजागी दुसराच फॉन्ट लावतो व पानाचा तोल जातो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या ‘मुक्ता’सारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन अक्षरे एकमेकांना साजेशी असल्याने दोन्ही लिप्यांतील डेमो एकाच मांडणीत तपासता येतो.