कर्व्हचा बेव्हल आणि मेशचा बेव्हल: लोगो थ्रीडी करताना होणारा घोळ

‘लोगो जाड केला, कडा गोल केल्या, आता अक्षरं एकमेकांना चिकटली. काय करू?’ ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर नव्याने शिकणाऱ्या डिझायनरचा हा ठरलेला प्रश्न, आणि त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं: ‘मेशमध्ये कन्व्हर्ट कर.’ तो बिचारा कन्व्हर्ट करतो. आता कडा गोलच होत नाहीत. मग कुणीतरी सांगतं, रीमेश लाव. तेही लावून होतं आणि लोगो वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. शेवटी निष्कर्ष काय, तर ‘ब्लेंडर अवघड आहे बुवा.’

ब्लेंडर अवघड नाही असं मी म्हणणार नाही, पण इथे दोष त्याचा नाही. कर्व्ह (वळणदार रेघांचा आकार) आणि मेश (बिंदू-कडांची जाळी) या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे ‘बेव्हल’ नावाची, कडा गोल करायची सोय आहे आणि ती दोन्हीकडे उलट्या दिशेने चालते. एवढं एक कळलं की वरची सगळी वरात टळते.

कर्व्हबद्दल फार बोलत नाही. कोरल किंवा इलस्ट्रेटरसारखं चित्र काढायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला नोड (रेघेवरचे बिंदू), हँडल (वळण ठरवणारे दांडे), बंद पाथ (सुरुवातीला परत येऊन मिळणारी रेघ) हे सगळं पाठ असतं. ब्लेंडरमध्ये एसव्हीजी (रेघांच्या रूपात चित्र साठवणारी फाइल) आयात केली की तेच पाथ, तीच हँडलं, तशीच्या तशी कर्व्ह म्हणून येतात. वर्तुळाला चार नोड असतील तर चारच राहतात. मेश म्हणजे बिंदू, त्यांना जोडणाऱ्या सरळ कडा आणि कडांमध्ये ताणलेले सपाट चेहरे. मेशमध्ये गोलाई नसते, पुष्कळ सरळ तुकडे जवळजवळ ठेवलेले असतात. कर्व्हची मेश एका क्लिकने होते, पण मेशची परत तीच चार नोडांची कर्व्ह होत नाही. मेनूत उलटं कन्व्हर्ट आहे, पण ते दाबलंत तर तुटक्या रेषांचा गुंता हाती येतो.

आता बेव्हल. उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोरचं घेऊ: स्टेट बँकेचं निळं वर्तुळ. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचे शेखर कामत यांनी ते केलं, आणि १९७१ पासून ते देशभर दिसतंय. निळी चकती, मध्ये छोटं गोल, आणि त्या गोलापासून खालच्या कडेपर्यंत गेलेली उभी फट. सरावाला याच्याइतकं चांगलं चिन्ह नाही, कारण यात सगळा खेळ त्या फटीचा आहे. फट बुजली की उरतो निळा ठिपका. (सराव म्हणजे सराव. बँकेचं चिन्ह आहे, कुठे छापून विकू नका.) आणि एक गंमत बघा: मधलं गोल भोक वाटतं, पण ते भोक नाही. फट कडेपर्यंत जाते, म्हणजे बाहेरची रेघच आत वळून गोल फिरून बाहेर येते. सगळा आकार एकाच बंद पाथचा.

समजा आयात करून, मोठा करून फटीची रुंदी ०.१ मीटर आली. कर्व्हच्या हिरव्या टॅबमध्ये, जॉमेट्रीखाली, एक्स्ट्रूडला, म्हणजे जाडी देणाऱ्या आकड्याला, ०.१ दिलं. जाडी ०.२ झाली, कारण कर्व्हचा एक्स्ट्रूड पुढे आणि मागे दोन्हीकडे वाढतो. हे लक्षात ठेवलं की झालं. मग बेव्हलच्या डेप्थला ०.०२ दिलं. कडा छान गोल झाल्या, प्रकाश पडला, सुंदर. आता समोरून नीट बघा. फट ०.१ ची ०.०६ झाली आहे.

असं का? कर्व्हचा बेव्हल मूळ रेघेच्या बाहेर वाढतो. पुढचा सपाट चेहरा मूळ मापाचाच राहतो आणि त्याच्या भोवती ०.०२ चा फुगवटा चढतो. फटीच्या डाव्या भिंतीतून ०.०२ आत आलं, उजव्या भिंतीतून ०.०२ आलं, म्हणजे ०.०४ गेलं. बाहेरचं वर्तुळही त्याच मापाने जाड झालं, पण ते कुणाच्या डोळ्यात येत नाही. डोळ्यात येते ती फट. अक्षरांचा लोगो असेल तर दोन अक्षरांमधली जागा अशीच खाल्ली जाते आणि ‘चिकटली’ची तक्रार सुरू होते.

मेशचा बेव्हल याच्या बरोबर उलट. तो असलेली धार तासतो. बाहेरची रेघ जिथे होती तिथेच राहते, फक्त कोपरा कापून गोल केला जातो. समोरून फट ०.१ च दिसते, आकसतो तो पुढचा सपाट चेहरा. म्हणून ‘मेश कर’ हा सल्ला देणारा पूर्ण चुकीचा नसतो. त्याच्याकडे रेघ जागेवर राहिलेली असते, पण का राहिली हे त्याला ठाऊक नसतं.

आणि खरं सांगायचं तर त्यासाठी मेश करायची गरजच नाही. कर्व्हच्या त्याच जॉमेट्रीत, एक्स्ट्रूडच्या शेजारीच, ऑफसेट नावाचा एक आकडा आहे, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बेव्हलची डेप्थ ०.०२ असेल तर ऑफसेटला उणे ०.०२ द्या. रेघ तेवढी आत सरकते, वर चढलेला फुगवटा तिला मूळ जागी आणतो, फट पुन्हा ०.१. चिन्ह गाइडलाइनप्रमाणे राहिलं, ग्राहकही खूश. डेप्थ बदलली की ऑफसेटही तेवढाच उलट बदलायचा. दोन आकडे, संपला विषय. ब्लेंडरचं शिकवणारे व्हिडिओ दुसऱ्याच मिनिटाला कन्व्हर्टचं बटण दाबायला लावतात आणि ऑफसेटचं नावही काढत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

आता कन्व्हर्ट केल्यावर बेव्हल ‘चालतच नाही’ त्याचं कारण. कर्व्हची मेश होताना पुढचा चेहरा लांबलचक, सुईसारख्या त्रिकोणांनी भरला जातो. शिवाय बहुतेक वेळा हा चेहरा आणि बाजूची भिंत एकमेकांना जोडलेलेच नसतात, एकाच जागी दोन-दोन बिंदू पडलेले असतात. दिसायला धार असते, पण मेशच्या लेखी तिथे दोन सुट्या कडा असतात. बेव्हलचा मॉडिफायर (आकारावर वरून लावायची क्रिया) तासणार काय? आधी एडिट मोडमध्ये सगळं निवडून मर्ज बाय डिस्टन्सने एकाच जागचे बिंदू जोडायचे, मग फक्त पुढचा आणि मागचा चेहरा निवडून लिमिटेड डिझॉल्व्हने ते त्रिकोण काढून टाकायचे. त्यानंतर बेव्हल मॉडिफायर शहाण्यासारखा वागतो. हे न करता आकडा वाढवत बसलात तर क्लॅम्प ओव्हरलॅप (कडा एकमेकींवर चढू न देणारी सोय) त्याला जागच्या जागी अडवून धरतो, आणि ती खूण काढलीत तर त्रिकोण एकमेकांत घुसतात. रीमेश हा यावरचा उपाय नाही. तो सगळा आकार ठराविक मापाच्या चौकटींत नव्याने घडवतो आणि लोगोची धार, जी त्याची ओळख असते, तीच पहिली जाते.

आणखी एक खोच रेझोल्यूशनची आहे. कर्व्हचं रेझोल्यूशन, म्हणजे दोन नोडांमधल्या वळणाचे तुकडे, १२ असेल तर चार नोडांच्या वर्तुळाचे ४८ बिंदू होतात, म्हणजे लगतच्या दोन तुकड्यांमध्ये साडेसात अंशांचा कोन. मेशचा बेव्हल मॉडिफायर मुळात ३० अंशांच्या वरच्या धारा तेवढ्या तासतो, त्यामुळे गोल भिंतीवरच्या उभ्या कडा सुटतात आणि फक्त पुढची-मागची धार गोल होते. हवं तेच. फाइल हलकी करायची म्हणून रेझोल्यूशन २ केलंत की ८ बिंदू, ४५ अंश, आणि भिंतीवरची प्रत्येक उभी कडसुद्धा तासली जाते. ४ वर थांबा: १६ बिंदू, साडेबावीस अंश. पण हा आकडा कन्व्हर्ट करण्याआधी ठरवायचा, नंतर तो आकडाच शिल्लक राहत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, पण त्यातही पाय अडकतात. आयात केलेला लोगो इतका बारीक येतो की फाइल रिकामी वाटते. झूम करा, कोपऱ्यात असतो. तो पन्नास पट मोठा केलात तर कंट्रोल आणि ए दाबून स्केल लागू करा, आणि ते बेव्हल देण्याआधी. नाहीतर ०.०२ लिहाल आणि कडा एक मीटर फुगेल, कारण आकडा जुन्या मापात मोजला जातो. फक्त स्केल लागू करा, रोटेशन नको, टूडी कर्व्हला ते चालत नाही आणि ब्लेंडर तसं तोंडावर सांगतो. आणि हो, कर्व्हच्या हिरव्या टॅबमध्ये टूडी-थ्रीडी अशी दोन बटणं आहेत. लोगो थ्रीडी करायचाय म्हणून लोक उत्साहाने थ्रीडी दाबतात आणि पुढचा चेहरा गायब होतो, नुसती चौकट उरते. ते बटण रेघेला अवकाशात वळायची मुभा देण्यासाठी आहे. भरलेला आकार हवा तर टूडीवरच ठेवायचं.

देवनागरी लोगोवाल्यांसाठी थोडं जास्त, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःच्या शिरोरेघेचा तुकडा असतो आणि रेघ सलग दिसावी म्हणून हे तुकडे शेजारच्या अक्षरावर थोडे चढलेले असतात. कागदावर एकावर एक काळा रंग पडला तर कुणाला कळत नाही. ब्लेंडरमध्ये सगळं शब्दचित्र एका ऑब्जेक्टमध्ये जोडलंत की जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तिथे शिरोरेघेत भोकं पडतात. वेगवेगळे ठेवलेत तर दोन चेहरे एकाच पातळीवर येऊन प्रकाश लुकलुकतो. वेलांटी आणि काना जिथे टेकतात तिथेही हेच. उपाय ब्लेंडरमध्ये शोधू नका. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करा, मग वेल्ड. इंकस्केपमध्ये युनियन, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. संपूर्ण शब्दाची एक सलग बाह्यरेषा झाली पाहिजे. ‘ठ’ किंवा ‘व’च्या पोटातलं भोक मात्र त्याच ऑब्जेक्टमध्ये असायला हवं. ते वेगळं आलं असेल तर दोन्ही निवडून कंट्रोल आणि जे, भोक आपोआप पडतं. एसव्हीजीत मजकूर मजकूर म्हणूनच राहिला असेल तर आयातीत तो येतच नाही, आणि नुसत्या जाड रेघेची जाडीही येत नाही. तिचाही आधी आकार करून घ्यायचा. व्हॉट्सॅपवर आलेला जेपीजी ट्रेस करून तीनशे नोडांची कर्व्ह आणणाऱ्यांशी मी बोलत नाही. ग्राहकाकडे मूळ फाइल मागा. तो नाही म्हणाला तर पेन टूल घेऊन पुन्हा काढा, वेळ वाचेल.

मग मेश कधी करायची? अ‍ॅनिमेशनमध्ये काय घडणार आहे ते ठरवतं. सपाट चिन्ह हळूहळू उंच होत जावं, फट उघडत जावी, कडा गोल होत जाव्यात, हे सगळं कर्व्हवरच करावं. एक्स्ट्रूडच्या आकड्यावर माउस ठेवून आय दाबलं की कीफ्रेम (त्या क्षणाच्या आकड्याची नोंद) बसते. पहिल्या फ्रेमवर शून्य, चाळिसाव्यावर ०.१, आणि बँकेची चकती कागदातून वर येते. ग्राहकाने ऐन वेळी ‘जरा पातळ करा’ म्हटलं तर एक आकडा बदलायचा. तेच मेशवर करायला गेलात तर शेप की (आकाराच्या वेगवेगळ्या अवस्था) लावत बसा. उलट, लोगो पडून फुटायचा असेल, तुकडे जमिनीवर टप्पे खात घरंगळायचे असतील, कापडासारखा फडफडायचा असेल, पृष्ठभागावर गंज किंवा लाकडाचं टेक्श्चर नीट बसवायचं असेल, तर मेशला पर्याय नाही. रिजिड बॉडी (पडण्या-आदळण्याचं गणित) कर्व्हला लागतच नाही.

वेबसाइटवर किंवा मोबाइलवर फिरणारा लोगो द्यायचा असेल तरीही शेवटी मेशच, कारण जीएलटीएफ (वेबवर थ्रीडी दाखवायची) फाइल त्रिकोण वाहून नेते, बेझिए कर्व्ह नाही. तिथे रेझोल्यूशनचा आकडा पैशाचं काम करतो: साध्या वर्तुळाचा पुढचा चेहरा १२ वर ४६ त्रिकोणांचा, ४ वर १४ चा. अक्षरांच्या लोगोत हा फरक शेकड्यांनी वाढत जातो. फक्त कन्व्हर्ट करताना डाव्या कोपऱ्यात उघडणाऱ्या चौकटीत कीप ओरिजिनलवर खूण करा आणि मूळ कर्व्ह वेगळ्या कलेक्शनमध्ये लपवून ठेवा. आणि लोगो पूर्ण गोल फिरवणारच असाल तर मागच्या बाजूचं आधी ठरवा, कारण अर्ध्या फेरीत नाव उलटं वाचलं जातं. मी पंचवीस-तीस अंशांच्या पुढे फिरवत नाही.