लॅटिन आणि बॉलरूम डान्स

बॉलरूम डान्स म्हणजे जोडीने करायचे पाश्चात्त्य नाच, आणि लॅटिन हा त्यातलाच एक गट. जगभरच्या स्पर्धांत जी इंटरनॅशनल स्टाइल चालते तिच्यात एकूण दहा नाच असतात. वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप हे पाच स्टँडर्ड, आणि सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले, जाइव्ह हे पाच लॅटिन. नावावरून वाटतं की लॅटिनवाले सगळे लॅटिन अमेरिकेतून आले असतील, पण तसं अजिबात नाहीये. पासो दोब्ले स्पेनमधल्या बैलझुंजीच्या मार्चवरचा, पण नाच म्हणून घडला फ्रान्समध्ये, म्हणून त्यातल्या बऱ्याच स्टेप्सची नावं अजूनही फ्रेंच, आणि जाइव्ह तर न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या लिंडी हॉप या नाचाच्या घराण्यातला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर इंग्लंडात पोचलेला. उरलेले तिघं खरे तिकडचे, सांबा ब्राझीलचा, बाकी दोन क्युबाचे. आणि गंमत म्हणजे टँगो, जो ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओच्या वस्त्यांमध्ये जन्मला, तो बसलाय स्टँडर्डमध्ये! कारण तो 1913 च्या सुमारासच पॅरिस-लंडनमध्ये धुमाकूळ घालत होता, नियम ठरायच्या वेळेपर्यंत तो तिथे घरचाच झाला होता.

हे नियम ठरले लंडनमध्ये. इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग ही 1904 ची संस्था, तिने 1924 मध्ये बॉलरूमची वेगळी शाखा काढली आणि व्हिक्टर सिल्व्हेस्टर या नर्तकासारख्या लोकांनी पाऊल कुठे, टाच आधी की चवडा आधी, अंग किती वळवायचं हे सगळं लिहून काढलं. वॉल्ट्झ मूळचा दक्षिण जर्मनी-ऑस्ट्रियातला गिरक्यांचा नाच, सुरुवातीला लोकांना फार चावट वाटायचा, 1816 मध्ये लंडनच्या टाइम्सने त्याच्यावर तोंडसुख घेतलं होतं. पुढे तोच सभ्यपणाचा नमुना झाला. फॉक्सट्रॉट 1914 च्या आसपासचा, न्यूयॉर्कचा, आणि त्याचीच फास्ट आवृत्ती म्हणजे क्विकस्टेप.

सगळ्यात जास्त घोळ रुंबाचा आहे. क्युबात रुंबा म्हणजे ढोल, गाणं आणि नाच असलेला, आफ्रिकन मुळांचा, अंगणा-रस्त्यांतला प्रकार, त्यात ग्वाग्वांको, याम्बू, कोलंबिया असे पोटभेद. स्पर्धेत जी रुंबा दिसते ती त्यातून आलेली नाही, ती सोन आणि बोलेरो या दुसऱ्याच क्युबन प्रकारांच्या जवळची, पण 1930 नंतर अमेरिकेत क्युबन म्हणून जे काही वाजलं त्याला रेकॉर्डवाल्यांनी सरसकट रुंबा म्हणून टाकलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मग महायुद्धानंतर लंडनमध्ये शिकवणारे मस्यू पिएर हवानाला गेले, तिथे त्यांना कळलं की लोक पाऊल दुसऱ्या ठोक्यावर टाकतात, आपण इंग्लंडात शिकवतोय तसं पहिल्यावर नाही. परत येऊन त्यांनी ते शिकवायला सुरुवात केली, त्यावर बरेच वाद झाले, आणि शेवटी तीच पद्धत अधिकृत ठरली. म्हणून आजही रुंबाचा काउंट 'दोन, तीन, चार-एक' असा असतो आणि नवीन माणसाचं डोकं हमखास चक्रावतं.

लॅटिनमधल्या कमरेचंही तसंच. लोकांना वाटतं कंबर मुद्दाम हलवायची असते. खरं तर वाकलेल्या गुडघ्याने पाऊल पुढे जातं, पाय सरळ होतो, त्यावर पूर्ण वजन येतं, मग त्या बाजूची कंबर आपोआप बाहेर सरकते. वजन नीट न टाकता नुसती कंबर फिरवली तर ते बघवत नाही.

चा-चा-चा तुलनेने ताजा, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीचा. मांबो या क्युबन प्रकाराचे आडवेतिडवे ठोके नाचणाऱ्यांना जमत नाहीत हे बघून हवानाचा व्हायोलिनवादक एन्रिके होरिनने चाल सोपी केली, आणि फरशीवर पाय घासल्याचा जो आवाज यायचा त्यावरून नाव पडलं असं सांगतात.

टँगोचे आता सरळ दोन संसार आहेत. स्पर्धेतला टँगो म्हणजे ताठ फ्रेम, म्हणजे हात-खांद्यांची पकड, आणि झटक्यात वळणारी मान. ब्युनोस आयर्सच्या मिलोंगात, म्हणजे टँगोच्या नाचबैठकीत, जोडी छातीला छाती लावून नाचते, स्टेप आयत्या वेळी सुचेल तशी, आणि नाचायला विचारायचं ते तोंडाने नाही, लांबून नजरेने. नजर चुकवली की नकार, चारचौघात कोणाचा पोपट होत नाही. 2009 मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंदवला तो हाच टँगो, अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांचा मिळून. क्युबाच्या रस्त्यावरच्या रुंबाची नोंद 2016 ची.

आपल्याकडे गोव्यातल्या कॅथलिक लग्नांत बँडवर वॉल्ट्झ अजून वाजतो, तो घराघरातून आलेला, क्लास न लावता. मुंबई-पुण्यात मात्र 'लॅटिनचा क्लास' म्हटलं की बहुतेक वेळा निघतो साल्सा आणि बचाटा, आणि हे दोन्ही त्या दहात नाहीतच. साल्सा हे नाव न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन-क्युबन वस्त्यांमधून 1970 च्या दशकात पसरलं, बचाटा डॉमिनिकन रिपब्लिकचा. साल्साचा काउंट 'एक दोन तीन, पाच सहा सात', चार आणि आठ वर नवीन पाऊल टाकायचं नाही, आणि पहिल्या आठवड्यात अख्खा वर्ग नेमका चारवरच पाऊल टाकतो.