रोबोट बनवताय? मोटर घ्यायच्या आधी हे एकदा वाचा

नमस्कार. भोसरीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही घरी किंवा कॉलेजसाठी रोबोट बनवणाऱ्यांना पार्ट करून देतो, लेथचं काम, ड्रिल, टॅप, लेझर कटिंग, थ्रीडी प्रिंट सगळं होतं, पण खरं सांगायचं तर आमचा जास्त वेळ तुमचं डिझाइन बघण्यातच जातो. कारण बरेच जण पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, मोटर, बोर्ड, बॅटरी आधीच घेऊन येतात आणि म्हणतात आता याच्यावर रोबोटचा हात बसवून द्या. तिथेच गाडी अडते. काय उचलायचंय, किती अंतरावरून उचलायचंय हे आधी ठरवा, मोटर सगळ्यात शेवटी.

हिशोब सोप्पा आहे, वहीत पाच मिनिटात होतो. समजा हात ३० सेंमी लांब आहे आणि टोकाला २०० ग्रॅमची वस्तू धरायचीये. ०.२ गुणिले ३०, म्हणजे खांद्याच्या मोटरवर ६ किलो-सेंमीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. इथे लोक थांबतात, आणि इथेच फसतात, कारण टोकाला पकड आणि तिची छोटी सर्वो (सांगितलेल्या कोनावर थांबणारी मोटर) मिळून १०० ग्रॅम आहे तिचे ३ झाले, आणि हाताचं स्वतःचं वजन १५० ग्रॅम धरलं तर ते मध्यावर म्हणजे १५ सेंमीवर पकडायचं, त्याचे सव्वादोन. बेरीज सव्वाअकरा. एमजी९९६आर सर्वो ६ व्होल्टला ११ देते असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोटर जाम होऊन थांबते तेव्हाचा आहे, रोज काम करायचा नाही. रोजच्या कामाला त्याच्या निम्म्याच्या आत रहा.

मग लगेच मोठी मोटर घेऊ असं वाटतं. थांबा. हात २० सेंमीचा केला तर त्याचं वजनही साधारण १०० ग्रॅमवर येतं, बेरीज ७. आता खांद्याच्या मागे १० सेंमीवर ३०० ग्रॅमचा लोखंडी तुकडा लावा, ३ वजा झाले. रिकामा हात तराजूच्या दांडीसारखा आडवा तोलून राहतो आणि मोटरला फक्त तुमच्या वस्तूचे ४ उचलायचे असतात. तीच मोटर, तेच पैसे. बेसवर वजन वाढतं आणि हात सुरू-बंद होताना थोडा जड जातो, त्यामुळे खाली चांगलं बेअरिंग लागतंच, ते आम्ही सुचवू.

दुसरी नेहमीची तक्रार, "मोटर फिरते पण चाक फिरत नाही". शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, गोल असतो आणि ग्रब स्क्रू, म्हणजे चाक त्यावर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, त्याच्यावर घसरतो, कितीही आवळा. ६ मिमीच्या शाफ्टला कानसीने अर्धा मिमी सपाट करा, कानस मारताना लोखंडाचा चुरा मोटरमध्ये जाऊ नये म्हणून तोंडाला कागदी टेप गुंडाळा, आणि स्क्रू बरोबर त्या सपाटीवर बसवा. विकतचा डी शाफ्ट, म्हणजे एक बाजू आधीच सपाट असलेला, मिळाला तर अजून बरं. आमच्याकडे आणलंत तर हे आम्ही उभ्या उभ्या करून देतो, याचे पैसे घेत नाही.

लेझर कटिंगची फाइल करताना शीट ३ मिमी आहे असं धरून जोडणीच्या खाचा काढू नका. ३ मिमी म्हणून मिळणारं ॲक्रिलिक व्हर्नियरने मोजलं की बऱ्याचदा २.७, २.८ भरतं, आणि लेझर स्वतःही थोडं मटेरियल खातो, मग सगळा डबा खुळखुळतो. आधी शीट मोजायचं, मग खाच. आम्ही पण पहिल्यांदा एक छोटी पट्टी कापून खाच बसते का बघतो, मगच पूर्ण जॉब लावतो.

थ्रीडी प्रिंटमध्ये थर कुठल्या दिशेला आहेत ते फार महत्त्वाचं, ब्रॅकेट उभं प्रिंट केलं तर थरांमधूनच तुटतं. आणि पीएलए, म्हणजे प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं. एकदा मे महिन्यात आम्ही ग्राहकाला द्यायचे चार ब्रॅकेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले, दुपारी बघतो तर चारही वाकलेले, सगळे परत प्रिंट करावे लागले. तेव्हापासून उन्हात किंवा मोटरला चिकटून राहणाऱ्या पार्टला आम्ही जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी प्लास्टिकच वापरतो.

सर्वोला करंट आर्डुइनोच्या, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या बोर्डाच्या, ५ व्होल्ट पिनमधून देऊ नका. एक एमजी९९६आर जाम झाली की अडीच अँपिअरच्या आसपास ओढते, बोर्ड रीसेट होतो, आणि लोक आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. सप्लाय वेगळा घ्या, फक्त दोन्हींच्या ग्राउंड (मायनसच्या) वायर एकत्र जोडा.

कॉलेजच्या मुलांना एक मनापासून सांगायचंय, तयार प्रोजेक्ट आम्ही देत नाही. पार्ट आमचे, जोडणी तुमची, आमच्याच टेबलावर बसा, पाने आमचे वापरा, अडलं तर हाक मारा. आणि पूर्ण हात एकदम करू नका, आधी एकच सांधा बनवा, त्याला वजन लावून तासभर चालवा, मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली तर डिझाइन बदलायला तेव्हाच स्वस्त पडतं.

येताना मोटर घेतली असेल तर ती, जी वस्तू उचलायची ती, आणि मापं लिहिलेलं हाताने काढलेलं चित्र आणा. सॉफ्टवेअर येत नसलं तरी चालेल, पेन्सिलचं चित्र पुरे. येत असेल तर लेझरसाठी डीएक्सएफ आणि प्रिंटसाठी एसटीएल फाइल पेन ड्राइव्हवर. दर चित्र बघूनच सांगतो, आणि एखादा पार्ट बाजारात तयार मिळत असेल, जसं ८ मिमी शाफ्टचं ६०८ बेअरिंग, तर तो विकत घ्या असंच सांगू.