मेध्य वनौषधी (विदर्भातील)

चिंता, उदासी व निद्रानाश यांवर विदर्भाच्या खेड्यांतून वापरल्या जाणाऱ्या वनस्पती. ‘जीव घाबरतो’, ‘गमत नाही’ (मन रमत नाही) आणि ‘झोप लागत नाही’ या तिन्ही तक्रारींसाठी काष्ठौषधीच्या दुकानात बहुधा एकच पुडी मागितली जाते. आयुर्वेदात मात्र मेध्य (बुद्धी व स्मृतीस हितकर), निद्राजनन (झोप आणणारी) आणि बल्य (शक्ती देणारी) हे गट वेगळे आहेत. नाव एक आणि वनस्पती दुसरीच, हा या औषधींतील सर्वांत मोठा व्यावहारिक प्रश्न होय.

ब्राह्मी व मंडूकपर्णी : चरकसंहितेच्या रसायनाध्यायात चार मेध्य रसायने आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा पिळलेला रस), दुधासह ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा). त्यांत ब्राह्मी नाही. ती उन्माद (वेड) व अपस्मार (फेफरे) यांवरील जुन्या तुपाच्या पाठात वेखंड, कोष्ठ (उपलेट) व शंखपुष्पी यांच्यासोबत येते. सुश्रुतसंहितेतही दोघींचे प्रयोग स्वतंत्र आहेत. भावप्रकाशात (साधारणतः १६ वे शतक) त्या शेजारी-शेजारी, जवळजवळ सारख्या गुणांच्या म्हणून आल्या आणि बहुधा अशा निघंटूंमुळेच (औषधींच्या गुणकोशांमुळेच) सरमिसळ वाढली. उत्तरेत मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात पडला. केरळात बॅकोपा ही दुसरी वनस्पतीच ब्राह्मी राहिली. प्राचीन संहितांतील वेगळी नावे व वेगळी योजना पाहता दोन वनस्पती मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातही ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएराय व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका असेच धरले आहे.

ओळख ओल्या वनस्पतीवरून सोपी आहे. ब्राह्मीची पाने समोरासमोर, मांसल, १ ते २ सेंमी., देठ जवळजवळ नसलेली. फूल पांढरे किंवा फिकट निळसर. मंडूकपर्णीचे पान मूत्रपिंडाकृती, कातरलेल्या कडेचे, लांब देठावर उभे राहते व खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात. वाळून चुरा झाल्यावर हा फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून भुकटीऐवजी ओली किंवा अख्खी वाळवलेली वनस्पती घ्यावी. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांच्या पारीखाली (बांधाखाली) व धानाच्या बांध्यांच्या कडेला, जेथे ओल टिकते तेथे, ब्राह्मी पसरते. सांडपाण्याच्या नाल्यावरची मात्र तोडू नये. ती पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू अंगात साठवते. वाळवण सावलीत. चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅ., स्वरसाची सुमारे १० मिलि.; रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ व जुलाब होतात, म्हणून जेवणानंतर. चाचण्यांत तिचा गुण स्मृतीवर अधिक, चिंतेवर कमी दिसतो आणि तोही सुमारे १२ आठवड्यांनी. आज घेऊन आज झोप येईल, ही अपेक्षा येथे चुकीची ठरते.

शंखपुष्पी : औषधिकोशात कॉन्व्हॉल्व्हुलस प्लुरिकॉलिस. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) व पडीक रानात मिळणारी, बारीक निळ्या फुलांची विष्णुक्रांता (इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस) याच नावाने विकली जाते. दक्षिणेत गोकर्णालाही हे नाव आहे. भिंगाखाली निर्णय होतो : विष्णुक्रांतेच्या फुलात दोन कुक्षिवृंत (स्त्रीकेसराचे दांडे) असून प्रत्येक पुन्हा दुभागलेला असतो, कॉन्व्हॉल्व्हुलसमध्ये कुक्षिवृंत एकच व त्याच्या टोकाला दोन कुक्षी (पराग धरणारी टोके) असतात. मात्रा ३ ते ६ ग्रॅ. चूर्ण. बाजारातील सरबतात साखर बरीच असते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे.

अश्वगंधा (आसंध, ढोरगुंज) : गावकुसाला उगवणाऱ्या रानटी झाडाचे मूळ बारीक व काष्ठमय निघते, पेरलेल्याचे जाड, पिठूळ व सहज मोडणारे. व्यापारी माल मुख्यतः मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागाचा. पाणी निचरणारी हलकी जमीन हवी. वऱ्हाडातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मूळ सडते आणि वाचलेले उपटताना तुटते. पेरणी जोराचा पाऊस ओसरल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. खालची पाने पिवळी व फळे लाल झाली की, म्हणजे १५० ते १८० दिवसांनी, काढणी.

झोपेसाठी क्षीरपाक करतात. ५ ग्रॅ. भरड मूळ, आठपट म्हणजे ४० मिलि. दूध व दुधाच्या चौपट १६० मिलि. पाणी मंद आचेवर आटवून दूध तेवढे उरले की गाळतात. पाणी कमी घातले तर मुळाचा अर्क उतरण्याआधीच दूध करपते. निजण्याच्या तासभर आधी घ्यावा. लहान चाचण्यांत झोपेत माफक सुधारणा आढळली आहे. गर्भारपणात, थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना टाळावी. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाल्यास ताबडतोब बंद करून दवाखाना गाठावा. पाने वापरू नयेत, असे आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कळविले आहे.

जायफळ : सहाणेवर दुधात उगाळून, मोठ्या माणसास अर्धा ग्रॅमपर्यंत. गुण उशिरा, काही तासांनी येतो. ‘लागले नाही’ म्हणून पुन्हा घेण्याची चूक तेथेच होते. ५ ग्रॅ. म्हणजे जवळपास एक अख्खे जायफळ पोटात गेल्यास छातीत धडधड, तोंडाला कोरड व भ्रम होतो. तान्ह्या बाळाला झोपविण्यासाठी देऊ नये.

तगर : अंगणातील पांढऱ्या फुलांची तगर निद्राजनन नव्हे. औषधी तगर हिमालयातील व्हॅलेरियाना जटामान्सी या वनस्पतीचे मूळ होय.

सर्पगंधा : पूर्व विदर्भाच्या जंगलातून पूर्वी खणली जाई. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाबावरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये मुळातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे करण्यात आले. ते मेंदूतील सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा करते. ते घेणाऱ्या रुग्णांत खोल उदासी आल्याच्या नोंदी त्याच दशकात झाल्या. हा संबंध किती पक्का, यावर पुढे मतभेद झाले, तरी उदास माणसाला झोपेसाठी सर्पगंधा देणे धोक्याचेच मानले पाहिजे. शिवाय रक्तदाब घसरतो. ‘झोपेचे चूर्ण’ घेताना घटकांत हे नाव आहे का, ते आधी वाचावे.

वरील कोणत्याही वनस्पतीने तीव्र उदासी बरी होते, असे दाखविता आलेले नाही. दोन आठवडे मन उठत नसेल, अन्न जात नसेल किंवा मरणाची भाषा तोंडी येत असेल, तर काढ्याची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे, एकटे सोडू नये आणि घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो व मराठीतून बोलता येते. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वनौषधी सुरू केली म्हणून एकाएकी थांबवू नयेत. मूळ आजार उलटतो व काही गोळ्यांच्या बाबतीत झोप पूर्वीपेक्षा अधिक उडते.