जाड गोल अक्षरातली पांढरी जागा

रवळनाथ हे नाव जाड, गोल टोकांच्या अक्षरांत लिहिले आणि जागा वाचवायला अक्षरे जवळ ओढली, की लांबून ते ‘खळनाथ’ दिसते. ‘र’ची शेपटी ‘व’च्या पोटाला खालून चिकटते आणि तिथे ‘ख’ तयार होतो. गोव्यातल्या धारगळ गावाचे ‘घारगळ’ आणि भोमचे ‘मोम’ होते तेही पांढरी जागा बुजल्यामुळेच. ध-घ आणि भ-म या जोड्या वेगळ्या ठेवते ती डावीकडची गाठ आणि शिरोरेषेतली फट. अक्षर जाड केले की सगळ्यांत आधी हीच बुजते. म्हणून जाड अक्षर आखताना आधी पांढरी जागा ठरवावी आणि उरेल तेवढ्यात रेघ बसवावी.

ही जागा किती हवी, ते डोळ्याच्या क्षमतेवरून काढता येते. निरोगी डोळा साधारण १ मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाएवढी फट ओळखतो. ३० मीटर अंतरावर हा कोन म्हणजे जेमतेम ९ मिलिमीटर. ही झाली हद्द. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३० मीटर १.८ सेकंदांत पार करते, तेव्हा रस्त्यावरच्या फलकासाठी निदान दुप्पट, म्हणजे १८ मिलिमीटर धरावेत. फट अक्षराच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याएवढी असेल, तर अक्षर २२ सेंटिमीटरच्या आसपास उंच लागते. उंची तेवढी मिळत नसेल तर जाडी कमी करावी. अक्षरे दाबून अरुंद करणे हा सगळ्यांत वाईट उपाय, कारण त्यात उभे दंड बारीक होतात, आडव्या रेघा तशाच राहतात आणि पोकळ्या मिटतात.

गोलाईचेही गणित आहे. सरळ रेघेला एकदम वर्तुळाचा तुकडा जोडला, तर वक्रता शून्यावरून झटक्यात वाढते आणि सांध्यावर फुगवटा आल्यासारखा भासतो. म्हणून वळण थोडे आधी सुरू करून हळूहळू वाढवतात. आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड भासते, त्यामुळे शिरोरेषा कान्यापेक्षा किंचित बारीक ठेवावी लागते. गोल टोकाचा काना आखूड वाटतो. तो तळरेषेच्या थोडा खाली उतरवतात.

देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषेत लागते. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे प्रत्येकाची टोके गोल करून मोकळे होता येते. आपल्याकडे तसे केले तर शब्दभर दर दोन अक्षरांमध्ये वर-खाली खाचा पडतात. समजा, फॉन्टमधले अक्षर १००० एककांच्या चौकटीत आखले आहे आणि त्यात शिरोरेषा १२० एकके जाड आहे. मग अर्धगोल टोकाची त्रिज्या ६० होते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना ६० एकके बाहेर काढली, की गोल टोके शेजारच्या अक्षरात लपतात आणि शब्दाच्या सुरुवातीला नि शेवटी गोलाई आपोआप दिसते. किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते: शब्दांमधली मोकळी जागा १२० एककांनी आकसते, आणि आधीच्या अक्षराचे टोक ‘ध’, ‘भ’च्या फटीत घुसते. या अक्षरांपुरते आधीचे टोक आखूड करणारा पर्यायी आकार फॉन्टमध्ये ठेवणे हा त्यावरचा चांगला तोडगा.

मोफत मिळणाऱ्यांत मुंबईच्या ‘एक टाइप’चा बलू हा या जातीचा ओळखीचा फॉन्ट. आधी तो एकाच जाडीत आला. ‘बलू २’मध्ये रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशा ५ जाड्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळे दुकानाच्या पाटीसाठीही तो वापरता येतो. कोणताही फॉन्ट घेतला तरी आधी ‘किनाऱ्यावर’, ‘म्हार्दोळ’, ‘धारबांदोडा’ हे शब्द टाकून पाहावेत. ‘ऱ्य’ नीट जुळतो का, रफार नि मात्रा एकमेकांवर चढतात का, हे लगेच कळते.

पाटी बनवताना अक्षरांतले अंतर वाढवायचा मोह टाळावा. शिरोरेषेचे तुकडे होतात. एका ओळीच्या शिरोरेषेपासून खालच्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत अक्षराच्या मापाच्या किमान १.४ पट अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ‘शांतादुर्गा’मधला उकार खालच्या ‘सार्वजनिक’च्या रफारात अडकतो. व्हिनाइल (पाटीवर चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ कागद) कापण्याआधी अक्षरांच्या बाह्यरेषा वेल्ड करून एकजीव केल्याच पाहिजेत. एकमेकांवर चढलेली शिरोरेषा पडद्यावर सलग दिसते, पण प्लॉटरचे, म्हणजे कापणाऱ्या यंत्राचे, पाते प्रत्येक सांध्यावर आडवे फिरते आणि पट्टीचे तुकडे हातात येतात. गोव्याच्या पावसात गोल टोकांचा फायदा मोठा आहे, कारण व्हिनाइल उचकटायला सुरुवात होते ती अणकुचीदार कोपऱ्यापासून. ॲक्रिलिकमध्येही ताण आतल्या टोकदार कोपऱ्यात साठतो आणि चीर तिथूनच जाते. शिवाय ३ मिलिमीटर व्यासाच्या राउटर बिटने (फिरत कापणाऱ्या पात्याने) आतल्या कोपऱ्याला १.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई येतेच, तेव्हा ती आराखड्यात धरलेली बरी.

मागून एलईडी लावलेली पांढरी अक्षरे काळोखात आहेत त्याहून जाड दिसतात, आणि ओल्या काचेतून प्रकाश आणखी पसरतो. अशा पाटीसाठी जाडी एक पायरी उतरवावी, म्हणजे एक्स्ट्राबोल्डऐवजी बोल्ड घ्यावा, आणि उजेडाची तीव्रता रात्री, पाऊस पडत असताना, रस्त्याच्या पलीकडून पाहूनच ठरवावी.