सैनिकाची आठवण आणि सैनिकांचा इतिहास
युद्धावरचे इतिहासाचे एखादे चांगले पुस्तक सुचवले, की समोरच्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो: लेखक स्वतः त्या लढाईत होता का? ‘नव्हता’ असे उत्तर मिळाले, की पुस्तकाची किंमत त्याच्या मनात तिथल्या तिथे उतरते. उलट एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी हातोहात फिरतात आणि त्यांतली वाक्ये ‘इतिहास सांगतो’ अशा प्रस्तावनेने उद्धृत होतात. हा घोळ वर्षानुवर्षे पाहून मी कंटाळलो आहे.

आठवण म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपण सर्वांनी ती वाचली आहे. प्रथमपुरुष आणि तृतीयपुरुष, तळटीपा, नकाशे, सूची हे भेद वरवरचे आहेत आणि त्यांवर वेळ घालवू नये. ‘रसाळ ती आठवण आणि रुक्ष तो इतिहास’ हा समज मात्र मला मनापासून खटकतो, कारण उत्तम इतिहासकार शिपायाच्या बुटातला चिखल आणि त्याच्या पोटातली भूक कोणत्याही आठवणीइतकीच जिवंत करतो, आणि तीही पुराव्याबाहेर एक पाऊल न टाकता.

खरा भेद साक्षीशी असलेल्या नात्याचा आहे. आठवण लिहिणारा स्वतःच साक्षीदार असतो. इतिहासकार साक्षीदाराला प्रश्न विचारतो: हे तू केव्हा लिहिलेस, कोणासाठी लिहिलेस, तुला तिथून काय दिसत होते, आणि तुझ्या शेजारी उभा असलेला वेगळे का सांगतो?

पहिल्या महायुद्धातला कुत-अल-अमाराचा वेढा पाहा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) त्या गावात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकून पडली होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तिचे सेनापती टाउनशेंड यांनी १९२० मध्ये या मोहिमेवर पुस्तक लिहिले. ते तिथे होते, वेढ्याचा प्रत्येक दिवस त्यांनी पाहिला होता. तेव्हा त्यांच्याइतका अधिकारी साक्षीदार दुसरा कोण, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वेढ्यातून त्यांनी पाठवलेल्या तारा उरल्या आहेत. शिधा थोडे दिवस पुरेल, या त्यांच्या सुरुवातीच्या निरोपामुळे सुटकेसाठी निघालेल्या फौजेने घाई केली, जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना येथे पुरेशा तयारीविना हल्ले चढवले आणि हजारो माणसे गमावली. हन्नाच्या पराभवानंतर गावातल्या घरांची झडती घेतली गेली आणि धान्य कितीतरी अधिक दिवस पुरेल असे निघाले. टाउनशेंड यांचे पुस्तक आपला बचाव मांडते; तारा, पलटणींच्या दैनंदिन्या आणि १९१७ चा चौकशी आयोगाचा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय या चुकीचे वजन कळत नाही. ते शेजारी ठेवणे हेच इतिहासकाराचे काम आहे.

वेढ्यात खाण्यासाठी मारलेल्या घोड्यांच्या मांसाचेही तसेच. हिंदी शिपायांनी ते खाण्यास बराच काळ नकार दिला, हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मागवली तरी अनेकांनी हात लावला नाही आणि स्कर्व्हीने (ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने) ते खचत गेले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींत हा हट्ट म्हणून येतो. गावी परतल्यावर जात काय म्हणेल, मुलीबाळींची लग्ने कशी होतील, ही शिपायाची धास्ती समजून घेणारा इतिहास त्या नकाराला कारण देतो.

सर्वांत मोठी चूक पत्रांच्या बाबतीत होते. १९१४ आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी शिपायांची पत्रे आज ‘सैनिकाचा खरा आवाज’ म्हणून छापली जातात. तो आवाज किती हातांतून आला, ते पाहा. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसल्यामुळे पत्र दुसऱ्याने लिहून दिलेले असे. ते सेन्सॉर वाचणार हे शिपायाला ठाऊक असे. म्हणून हिंदी सैनिकांना ‘काळी मिरची’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ असे शब्द योजले जात. मूळ पत्र पुढे रवाना होई आणि सेन्सॉरच्या अहवालात उरे तो निवडक उताऱ्यांचा इंग्रजी अनुवाद. हे सारे थर वाचकापुढे ठेवून मगच पत्राचा अर्थ लावतो तो इतिहास. थर न दाखवता नुसते उतारे जोडणाऱ्या पुस्तकाला मी इतिहास मानत नाही, मग त्याचे मुखपृष्ठ कितीही देखणे असो.

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तेव्हापासून मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा समकालीन कागद वरचा, हे आपल्याकडे ठामपणे मांडले गेले आहे. नाना फडणीस कोवळ्या वयात पानिपतावर होते आणि त्यांनी पुढे आत्मवृत्त लिहिले. पराभूत लष्करातून जीव वाचवून निघालेल्या मुलाला काय वाटले, त्याची आईशी ताटातूट कशी झाली, हे जाणून घ्यायला त्याहून मोलाचे दुसरे काही नाही. सदाशिवराव भाऊंचा गोल, म्हणजे त्यांची लढाईची व्यूहरचना, का फुटला, याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, आणि ते त्याला मागूही नये.

माझा सल्ला असा, की आधी इतिहास वाचावा आणि मग आठवण, म्हणजे आठवणीतल्या मौनाच्या जागा दिसू लागतात. कुतमध्ये तर दुसरा मार्गच नाही. वेढ्याअखेर तुर्कांना शरण गेलेल्या सुमारे तेरा हजार माणसांत बहुसंख्य हिंदी होती आणि पुढच्या पायपिटीत व बंदिवासात हजारो दगावली. छापील आठवणी मात्र बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या आहेत. बंगाली रुग्णसेवा पथकातल्या शिशिर सर्वाधिकारी यांनी बंदिवासात दैनंदिनीची पाने बुटात लपवून सांभाळली आणि पुढे त्यांवरून पुस्तक लिहिले, हा दुर्मीळ अपवाद. मराठा पलटणींतल्या बहुतेक शिपायांच्या हाती तेव्हा लेखणीच नव्हती. त्यांची भूक आणि त्यांचा नकार दुसऱ्यांच्या दैनंदिन्यांतून, तारांतून आणि इस्पितळाच्या नोंदींतून कणाकणाने वेचावा लागतो, आणि तो वेचणारा लेखक त्या लढाईत नव्हता.