शिक्षकांची कंबर टाळेबंदीआधीच दुखत होती

२०२० च्या जूनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा कोल्हापुरातल्या कित्येक शिक्षकांच्या घरी लिहायचं टेबलसुद्धा नव्हतं. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात जिथं रेंज येईल तो कोपरा म्हणजे वर्ग. मोबाइल डब्याला टेकवलेला, बसायला पलंगाची कड. थोड्याच दिवसांत कुणाची कंबर धरली, कुणाची पाठ भरून आली. दोष मोबाइलला आणि पलंगाला दिला गेला. तो अर्धाच खरा आहे.

या दुखण्याची मुळं जुनी आहेत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सक्ती आली की हजेरी आली, हजेरीमागून लिखापढी आली. फळ्यापुढं तासन् तास उभं राहायचं, लहान मुलांच्या वह्यांवर वाकायचं, वह्यांचे गठ्ठे घरी न्यायचे आणि मांडी घालून तपासायचे, हा या पेशाचा दिनक्रमच होऊन बसला. शिक्षकांच्या सांधे-स्नायूंच्या दुखण्यांवरचे जगभरातले अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा अशी दुखणी असलेल्यांचं प्रमाण ३९ ते ९५ टक्के निघालं. कंबर, मान आणि खांदे त्यात सर्वांत पुढं होते. २०१५ मध्ये शाळेची आणि मुलांची माहिती ऑनलाइन भरायची ‘सरल’ प्रणाली आली. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री घरी बसून माहिती भरायची सवय शिक्षकांना तेव्हापासूनची आहे.

बैठ्या कामानं शरीर बिघडतं हे वैद्यकाला फार पूर्वीच कळलं होतं. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि पुढं त्यात लेखनिकांच्या सततच्या बसण्याचीही दखल घेतली. १९३४ मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली सरकलेली चकती आणि पायात उतरणारी कळ यांचा संबंध दाखवला. तेव्हापासून कंबर दुखली की चकतीच, ही समजूत पक्की झाली. खरं तर बहुसंख्य कंबरदुखीत असं एकच कारण सापडत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभ्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला, पुढं वाकून बसल्यावर आणखी जास्त. ‘ताठ बसा’ या उपदेशाला इथून बळ मिळालं. पण १९९९ मध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं, तर सैलावून बसल्यावर दाब उभ्याहून जास्त नव्हता. बसण्याची एकच आदर्श पद्धत शोधण्यापेक्षा बैठक वारंवार मोडणं महत्त्वाचं, असं मला यातून दिसतं.

कंबर दुखली की अंथरुणात पडून राहा, या सल्ल्याचंही तसंच. १९८६ मध्ये डेयो यांच्या प्रयोगात दोन दिवस पडून राहिलेले रुग्ण सात दिवस पडून राहिलेल्यांइतकेच बरे झाले आणि त्यांचे कामाचे दिवसही कमी बुडाले. पाठोपाठ १९८७ मध्ये स्कॉटलंडच्या गॉर्डन वॉडेल यांनी सांगितलं की कंबरदुखी रेंगाळण्यात भीती, काळजी आणि कामाची परिस्थिती यांचाही वाटा असतो.

टाळेबंदीत हे सगळं एकदम अंगावर आलं. वर्गातून वर्गात जाणं, मैदान, जिने, स्टाफरूमपर्यंतची चाल, सगळं थांबलं. जी हालचाल कंबर सांभाळून होती तीच गेली, हे मला सर्वांत मोठं कारण वाटतं. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगराळ भागात रेंजच नसल्यानं बरेच शिक्षक स्वाध्याय घेऊन वाड्यावस्त्यांवर जात, त्यांचे निदान पाय तरी चालत होते. शहरातल्या शिक्षिकांना तासाआधी स्वयंपाक, तासानंतर वह्यांचे फोटो तपासणं. त्यात कोविडची कामं. २०२१ च्या जूनमध्ये बाधितांच्या प्रमाणात कोल्हापूर राज्यात वरच्या जिल्ह्यांत होतं. घरात आजारी माणूस आणि समोर तास, हे अनेकांनी काढलंय.

या दुखण्याला कामाचं दुखणं म्हणायची सोय मात्र नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणारे २९ रोग होते. कंबरदुखी त्यात नव्हती, आणि शाळा काही कारखाना नाही. २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि मनाला आधार देणारे उपचार सुचवले आहेत. नेहमीच्या उपचारात कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं नको, असंही त्यांत म्हटलं आहे.